जोडीने पोहणारे बोंबील

जनाबायने डोक्यावरची म्हावऱ्याची पाटी खाली ठेवली आणि पोट धरून हसायला सुरुवात केली, तेव्हा मला वाटलं, आपली ओळ लागू पडली.

रेवदंड्याच्या बाजारात कासमभाईंच्या दुकानाच्या भिंतीवर मी नुकतंच पोस्टर चिकटवून घेतलं होतं. खळ अजून ओली होती. चित्रात निळा समुद्र, फुगलेल्या शिडाची होडी, पांढरंशुभ्र जाळं फेकणारा रुबाबदार कोळी आणि पाण्यातून उड्या मारणारे मासे. खाली मोठ्या अक्षरांत माझ्या दोन ओळी:

‘शांत सागरी, धवल जाळी
मत्स्यराज ही खूण निराळी’

या दोन ओळींसाठी मी तीन आठवडे डोकं खाजवलं होतं. समोरच्या बाईला अक्षरओळख नाही, मग ती माझ्या ओळींना कशी हसेल, हा साधा प्रश्न काही मला पडला नाही. मी पुढे होऊन अदबीने विचारलं, “काय बाई, आवडलं का?”

“आवडला?” तिने पदराने डोळे पुसले. “आरं दादा, ये बोंबील बघ! जोडीनं पोवतान! तोंडान तोंड घालून!”

मी पाहिलं. चित्रात खरंच बोंबील दोन-दोन मिळून उडत होते. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा.

“मग त्यात काय चुकलं?” मी विचारलं.

माझ्या या प्रश्नाने ती पुन्हा हसू लागली, आणि आता तिच्याबरोबर बाजारातल्या आणखी पाच-सहा जणी हसू लागल्या. शेवटी दुकानातून कासमभाई बाहेर आले आणि त्यांनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात समजावलं. बोंबील सुकवताना कोळणी दोन माशांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टांगतात. दोरीवर. उन्हात. मेल्यावर.

“जिवंतपणी ते एकेकटेच हिंडतात, साहेब,” कासमभाई म्हणाले.



हे प्रकरण काय होतं ते आता सांगतो. तीस सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट आहे. मी मुंबईत फोर्टातल्या एका जाहिरात एजन्सीत नोकरीला लागलो होतो. एजन्सी म्हणजे काय, हे तेव्हा माझ्या वडिलांनाही कळलं नव्हतं. ज्याच्याकडे माल आहे पण तो कसा सांगावा हे कळत नाही, त्याच्या वतीने सांगणारी मंडळी म्हणजे एजन्सी. माल ज्याचा तो क्लायंट. त्याचं काम म्हणजे अकाउंट. चित्राखाली किंवा चित्राशेजारी जो मजकूर येतो ती कॉपी. मराठी कॉपी लिहायला मला ठेवलं होतं. नाव लिमये, गाव पुणे, पेठ सदाशिव.

आमचा क्लायंट होता वाडीलाल शेठ. एका गिरणीत जाळी विणायचं सूत निघायचं आणि ते विकायचं काम शेठकडे होतं. तोवर आपल्या किनाऱ्यावरची मोठी जाळी घरी वळलेल्या तागाच्या दोरीची असत. ज्यांना परवडे ते विलायती सूत आणत. स्वदेशीचं वारं होतंच. शेठनी ठरवलं की देशी गिरणीचं सूत मांडव्यापासून मुरुडपर्यंत प्रत्येक कोळीवाड्यात पोचवायचं. मालाला नाव दिलं ‘मत्स्यराज’. नाव माझंच.

आणि मी प्रोबेशनवर होतो. सहा महिने काम बघणार, पटलं तर ठेवणार, नाही तर नमस्कार. सहावा महिना चालू होता. मी मात्र घाईने पुण्याला लिहून मोकळा झालो होतो की नोकरी पक्की झाली. त्या पत्राच्या भरवशावर माझं लग्न ठरलं होतं. मुलीचं नाव कमल. तिला मी एकदाच पाहिलं होतं आणि तेवढ्याने माझी भूक मंदावली होती. नोकरी गेली असती तर मुलगी तर गेलीच असती, शिवाय दोन्ही घरांत मी खोटारडा ठरलो असतो.

चित्र काढलं होतं आमच्या दत्तोबांनी. दत्तोबा गडहिंग्लजकडचे. हात सोन्याचा. बैल, घोडे, मोटारगाडी, गणपती, काय म्हणाल ते हुबेहूब. पण समुद्र त्यांनी फक्त फिरायला गेल्यावर पाहिलेला. एकदा वरळीच्या किनाऱ्यावर त्यांना दोरीवर टांगलेले बोंबील दिसले. त्यांनी लगेच वही काढून स्केच केलं. पोस्टर दाखवताना ते मला अभिमानाने म्हणाले होते, “लिमये, मासे निसर्गातनं काढल्यात बघा. मनानं न्हाई काढलं.” त्यांना वाटलं, हा मासा असाच राहत असेल. सारस पक्षी नाही का जोडीने राहत?

पोस्टर छापण्यापूर्वी एक नमुना येतो, त्याला प्रूफ म्हणतात. त्यावर सह्या झाल्या की छपाई. लिथोच्या छपाईत प्रत्येक रंगाचा वेगळा दगड असतो, त्यामुळे एकदा दगड तयार झाले की दुरुस्ती म्हणजे सगळं पुन्हा. म्हणून प्रूफ डोळ्यांत तेल घालून बघायचं असतं. आमचं प्रूफ चौघांनी पाहिलं. दत्तोबांनी, कारण चित्र त्यांचं. मी, ज्याने बोंबील आयुष्यात फक्त वासाने ओळखला होता. वाडीलाल शेठनी, ज्यांच्या घरी कांदासुद्धा चालत नसे. आणि आमच्या मॅनेजर रुस्तमजी साहेबांनी, ज्यांना बोंबील प्राणापलीकडे प्रिय, पण तो तळून ताटात आल्यावर. ताटातल्या बोंबलाला जबडा नसतो.

चौघांनी सह्या केल्या. शेठनी तर एक सुधारणाही सुचवली होती. दत्तोबांनी जाळं तपकिरी काढलं होतं, शेठ म्हणाले, “आपला माल सफेद छे, तो जाळा पण सफेद पाहिजे.” जाळं पांढरं झालं.

रेवदंड्याला पहिलं पोस्टर लावायचं, लोकांचा अंदाज घ्यायचा, मग बाकीचं बंडल घेऊन किनाऱ्याने पुढे जायचं, असं ठरलं होतं. भाऊच्या धक्क्यावरून बोटीने रेवस, रेवसहून सर्व्हिस मोटारीने अलिबाग आणि पुढे टांग्याने मी सोमवारी रात्री पोचलो होतो. शनिवारी रुस्तमजी साहेब स्वतः शेठना घेऊन पाहणीला यायचे होते.

मंगळवारी दुपारपर्यंत दुकानासमोर उभं राहायला जागा उरली नाही. जनाबायने पाटी विकता विकता सगळ्या बाजारात बातमी पोचवली होती. मग हिरू तांडेल आला. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. साठीचा माणूस, अंगात बंडी, कमरेला रुमाल, डोक्यावर लाल टोपी. तो हसला नाही. हात मागे बांधून चित्रासमोर उभा राहिला आणि डॉक्टरने रोगी तपासावा तसं वरपासून खालपर्यंत तपासू लागला.

“ये कोनी काडलंय?” त्याने विचारलं.

“आमच्या चित्रकारांनी.”

“दर्या बघलाय त्यानं?”

उत्तराची वाट न बघता त्याने शिडावर बोट ठेवलं.

“शीड फुगलाय ह्या अंगाला. न वरचा बावटा उडताय त्या अंगाला. एकाच होरीवर दोन वारं?” त्याने बोट फिरवलं. “सुकानूवर कोनी न्हाय. होरी चाललीय सुसाट न यो बाप्या नाचताय पुढं. जालं बी पांढरा. नवीन जालं आमी सालीच्या काढ्यान उकलतूं, तवा ते टिकतंय. असा पांढरा सोडला तं म्हावरा लांबूनच रामराम करंल.”

प्रत्येक वाक्याला गर्दीतून हशा उठत होता. मी खिशातून पेन्सिल काढून लिहून घेत होतो, कारण दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं. गर्दीतून बाहेर पडून मी पोस्टात गेलो आणि रुस्तमजी साहेबांना तार केली: चित्रात गंभीर चुका, लोक हसतात, सूचना द्या. बुधवारी सकाळी उत्तर आलं. पोस्टर उतरव. बाकीची लावू नकोस. शनिवारी येतो.

‘शनिवारी येतो’ या दोन शब्दांत माझं सगळं भवितव्य मला दिसलं. साहेबांची सही प्रूफवर असली तरी नोकरी त्यांची जाणार नव्हती. मी पाण्याची बादली आणि सुरी घेऊन भिंतीपाशी गेलो. खळ वाळून घट्ट झाली होती. मी एक कोपरा खरवडायला लागलो तोच कासमभाईंनी माझा हात धरला.

“उतरवू नका, साहेब.”

“वरून हुकूम आहे, कासमभाई. लोक आपल्या मालाला हसतायत.”

“मालाला कुठं हसतायत? चित्राला हसतायत.” त्यांनी मला दुकानात नेलं. सुताची एक लडी फळीवर उघडी पडली होती, तिच्या टोकाला ओढून ओढून पीळ बसला होता. “तुमचं सूत येऊन महिना झाला. मी ज्याला त्याला सांगितलं, घेऊन बघा. कुणी हात लावला नाही. म्हणाले, गिरणीचं काय खरं? काल हसायला आले ते आत आले. ज्याला त्याला बघायचं होतं, एवढ्या चुका करणाऱ्यांचं सूत तरी कसं आहे. ओढून बघितलं, दातानं तोडून बघितलं. तुटलं नाही, साहेब. खुदाची कसम, हे पोस्टर राहू द्या.”

मी बादली खाली ठेवली. ओट्यावर बसलो आणि भिंतीकडे बघत राहिलो. तेवढ्यात साळावच्या बाजूने चार बायका खास पोस्टर बघायला तरीच्या होडीतून खाडी ओलांडून आल्या. कासमभाईंना विचारू लागल्या, “जोडीचा बोंबील कंचा?” जाहिरातीच्या धंद्यात लोक पैसे देऊन माणसांना वळून बघायला लावतात. इथे लोक स्वतःहून खाडी ओलांडून येत होते.

माझ्याकडे नमुन्याच्या लहान लड्यांची एक पेटी होती. प्रतिष्ठित तांडेलांना पत्रकासोबत आदरपूर्वक द्यायच्या म्हणून आणलेल्या. पत्रक कुणी वाचलं नसतंच. माझ्या डोक्यात एकदम आलं आणि मी हिरू तांडेलाच्या घरी गेलो.

“तांडेल, पंच व्हाल का?”

“कशाचा?”

“चुकांचा.”

दुपारी गावात डफडं वाजलं. दवंडीवाल्याला मी नीट मजकूर लिहून दिला होता, पण तो त्याने आपल्या मनाने सुधारला: “ऐका हो ऐका! कासमभायचे दुकानावर मुंबयवाल्यांनी चित्र लावलाय! त्यान चुकाच चुका हायेत! चूक दाखवा न सुताची लडी घेवा! हिरू तांडेल पंच हाय!”

रुस्तमजी साहेबांनी हे ऐकलं असतं तर जागीच बसले असते.

नियम दोन होते. एका घराला एकच लडी. आणि एकदा सांगितलेली चूक पुन्हा चालणार नाही. त्या तीन दिवसांत मी जेवढा हसलो तेवढा नंतर क्वचितच हसलो असेन. मनातून धास्तावलेला होतो, तरीही हसलो. हिरू तांडेल न्यायाधीशासारखा ओट्यावर बसे. माणूस पुढे येई, चित्रावर बोट ठेवी आणि आपली बाजू मांडी. हिरू विचार करी आणि मग म्हणे, “व्हय, दे त्याला,” किंवा “न्हाय, ते चालतंय.” न्हाय म्हटलं की वाद. होडीतल्या बाईवरून अर्धा तास वाद झाला. दत्तोबांनी शोभेसाठी होडीत एक स्त्री बसवली होती, पुणेरी नऊवारी, डोक्यावरून पदर. मासे धरायला जाताना बायका होडीत नसतात, हे सगळ्यांनाच मान्य होतं. भांडण होतं ते लडी कोणाला, कारण तीन जणांनी एकदम बोट ठेवलं होतं. शेवटी जनाबाय म्हणाली, “ती बाय म्हावरा धराया न्हाय आलीय, नवऱ्याला धराया आलीय,” आणि त्यावर तिलाच लडी मिळाली.

एकाने मला विचारलं, “दादा, ह्यो सूर्य उगवताय क मावलताय?”

मी म्हणालो, “उगवतोय. उगवता सूर्य शुभ असतो.”

मग सगळा बाजार फुटला. त्या किनाऱ्याला समुद्र पश्चिमेला. तिथे कोणत्याही जिवंत माणसाने समुद्रातून सूर्य उगवताना पाहिलेला नव्हता. ती लडी माझ्या तोंडाने गेली.

गुरुवारी माझ्या ओळींची पाळी आली. शाळेत चार इयत्ता गेलेल्या एका माणसाने त्या मोठ्याने वाचून दाखवल्या. ‘शांत सागरी’ ऐकताच हिरू तांडेल पंचाच्या जागेवरून उठला. तिथली मोठी मासेमारी डोलीची. डोल म्हणजे खांबांना बांधलेलं पिशवीसारखं जाळं. भरती-ओहोटीच्या जोराने ते फुगतं आणि मासा आत येतो. “पानी शांत आसंल तं डोल फुगंल कशी?” त्याने विचारलं. “शांत पान्यान आमी घरान बसून जालं शिवतूं.” दुसरा शब्द ‘धवल’, तो तर आधीच बाद झाला होता. तीन आठवडे डोकं खाजवून लिहिलेल्या ओळींपैकी वरची अख्खी ओळ चूक निघाली. खालची ओळ कुणाला कळलीच नाही, म्हणून वाचली. पंचाला लडी घेता येत नव्हती, तरी मी ती हिरूला दिली.

शुक्रवारी चुका संपत आल्या. तेव्हा एक म्हातारी पुढे आली. बराच वेळ ती चित्राकडे बघत उभी राहिली. मागून लोक घाई करू लागले. मग ती म्हणाली, “ह्यो हसताय कशाला? जालं वडताना कोन हसताय?”

कुणी हसलं नाही. हिरूने तिच्याकडे पाहिलं आणि लडी तिच्या हातात ठेवली. तिचा मुलगा होडीवर असतो, असं मला कासमभाईंनी नंतर सांगितलं.

शनिवार उजाडला. पोस्टर भिंतीवर होतं आणि तार माझ्या खिशात होती. अकराच्या सुमारास टांगा आला. रुस्तमजी साहेब आधी उतरले, मग पांढऱ्या पगडीतले वाडीलाल शेठ, नाकाला उपरणं लावून. दुकानासमोर पन्नासएक माणसं जमलेली. कोणी बोंबलांकडे बोट दाखवत होतं, कोणी नव्याने आलेल्या पाहुण्याला सूर्य समजावून सांगत होतं. हशावर हशा.

साहेबांनी मला कोपऱ्यात ओढलं. “डिकरा, माझी तार मिळाली नाही?”

“मिळाली, साहेब.”

“मग हे अजून भिंतीवर का?”

“उतरवायला घेतलं होतं.”

“घेतलं होतं म्हणजे? अरे बावा, तुला नोकरी नको झाली काय?”

“हवी आहे, साहेब. फार हवी आहे.” माझा आवाज फारच केविलवाणा निघाला.

साहेब आणखी काही बोलणार तोच शेठ पुढे झाले. कोणीतरी त्यांना सगळं प्रकरण उत्साहाने सांगितलं होतं. “रुस्तमजी,” ते भडकून म्हणाले, “हे लोक आपल्या मालावर हसे छे! भर बाजारात! मी तुमच्याकडे जाहेरात मागितली, तमाशा नाही. आजपासून अकाउंट बंद!”

साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेचा अर्थ मला कळला. मी मनातल्या मनात पुण्याला लिहायच्या पत्राचा मायना जुळवायला लागलो.

एवढ्यात गर्दीतून वाट काढत जनाबाय आली. शेठ, साहेब, कोण कुठले, तिला काही सोयरसुतक नव्हतं. ती सरळ दुकानाच्या फळीपाशी गेली.

“कासमभाय, जोडीचे बोंबलाचा सूत दे. दोन गड्ड्या.”

“संपलं, जनाबाय.”

“संपला? काल तं व्हता!”

“सकाळी कोर्लईवाले घेऊन गेले. एक धागा नाही राहिला.”

“आता काय करूं? घरच्याला सांगून आलेय. परवा उधानाचे पान्यान डोलीला टाका घातला तुमचे फुकटचे लडीचा. बाजूचा ताग तुटला, तो टाका न्हाय तुटला. तवापासून माजे डोक्यावर बसलाय, ताच सूत आन म्हनून.”

शेठनी उपरणं नाकावरून काढलं. “बेन, तुम्ही कुठला सूत मागते?”

“जोडीचा बोंबील.”

“आपल्या मालाचा नाव ‘मत्स्यराज’ छे.”

“तो कोन?” जनाबायने विचारलं.

यावर जो हशा झाला, त्यात शेवटी रुस्तमजी साहेबही सामील झाले. ते हसू दाबायचा प्रयत्न करत होते, पण पारशी माणसाचं पोट हसायला लागलं की ते झाकता येत नाही. शेठ हसले नाहीत. ते कासमभाईंच्या फळीपाशी गेले, रिकाम्या खोक्यांकडे पाहिलं आणि मांडी घालून बसले. मग त्यांनी कासमभाईंना एकच प्रश्न विचारला: “किती पाठवू?”

मी ओट्याच्या खांबाला टेकलो. कुणीतरी माझ्या हातात शहाळं दिलं आणि मी ते एका दमात संपवलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. त्या काळी खेड्यापाड्यांत निम्मा माल नावाने विकलाच जात नसे. तो छापेने विकला जाई. घोडा छाप, कमळ छाप, जे चित्र डोळ्यांत बसेल ते. ‘मत्स्यराज’ हे नाव आमच्या फायलीत राहिलं आणि सूत ‘जोडी बोंबील छाप’ झालं. शेठनी ती छाप रीतसर नोंदवली. त्यांच्या आईने बोंबलांचं लेबल घरात आणायला बंदी केली. त्यामुळे शेठ आयुष्यभर ऑफिसात बोंबलांचं आणि घरी बिनबोंबलांचं अशी दोन कॅलेंडरं छापून घेत.

दत्तोबांना साहेबांनी आठ दिवस रेवदंड्याला पाठवलं. हिरू तांडेलाच्या होडीतून ते दर्यावर गेले, पोटातलं सगळं दर्याला अर्पण करून आले आणि त्यांनी नवं चित्र काढलं. जाळं तपकिरी, बावटा शिडाबरोबर, सुकाणूवर माणूस, बाई किनाऱ्यावर, सूर्य मावळतीचा, आणि तांडेलाच्या चेहऱ्यावर कष्ट. बोंबीलही त्यांनी सुटे केले होते. कच्चं चित्र घेऊन मी जनाबायकडे गेलो. तिने नीट पाहिलं.

“बाकी बेस हाय,” ती म्हणाली. “पन बोंबलांचा काडीमोड कशाला केलास?”

बोंबील पुन्हा जोडले गेले. त्यानंतर कितीतरी वर्षं त्या किनाऱ्यावर ते तसेच पोहत होते.

महिनाअखेरीस मला ऑफिसातून एक पाकीट मिळालं. त्यात दोन कागद होते. एकावर लिहिलं होतं की तारेने आलेला हुकूम मोडल्याबद्दल मला सक्त ताकीद देण्यात येत आहे. दुसऱ्यावर लिहिलं होतं की माझी नोकरी कायम करण्यात आली आहे. दोन्हींवर रुस्तमजी साहेबांची सही. पुण्याला लिहिलेलं माझं खोटं पत्र अशा रीतीने तीन आठवडे उशिरा खरं झालं. लग्नाला कासमभाईंकडून चौलच्या वाडीतले नारळ आले. जनाबाय सुके बोंबील पाठवणार होती. आमच्याकडे ते चालत नाहीत असं कळल्यावर तिने कासमभाईंच्या पत्रातून निरोप धाडला की मग पोरीला तिकडे खायला तरी काय घालणार. कमलने तो निरोप स्वतः वाचला आणि ती हसली. त्या हसण्याने माझी उरलीसुरली धास्ती गेली.

मी पुढे तीस वर्षं जाहिराती केल्या. साबण, कंदील, चहा, सायकली, काय काय. एक सवय मात्र रेवदंड्यापासून लागली ती लागली. छापायला जाण्यापूर्वी प्रत्येक चित्र मी ती वस्तू रोज हाताळणाऱ्या एखाद्या माणसाला दाखवत असे. तो हसला तर ताबडतोब दुरुस्तीला धावत नसे. आधी त्याला एकच विचारत असे: हसलात ते ठीक, पण घ्याल का?